एकट्याची वाट आणि कॅमेऱ्याची साक्ष

ज्या चौकास सोलापूरकर ‘सात रस्ता’ म्हणतात तेथें उभें राहून कोणत्याहि दिशेस पाहिलें, तरी दुकानें, रिक्षा, बसगाड्या आणि माणसांची वर्दळ यांपलीकडे कांहीं दिसत नाहीं. परंतु त्यांतून विजापूरच्या दिशेची वाट धरून थोडा वेळ प्रवास केला, कीं शहर मागें पडतें. आणि काळी जमीन, ज्वारीचीं रानें, बांधावरच्या बाभळी व पुढें भीमेचा कांठ असा उघडा मुलूख लागतो. एखादा मनुष्य गळ्यांत कॅमेरा अडकवून, एकटाच, एका दिवसापुरता या मुलखांत गेला तर त्यानें काय पाहावें, कसें पाहावें आणि परततांना बरोबर काय आणावें, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

कोणी म्हणेल, छायाचित्र काढणें ही आतां शिकण्याजोगी विद्या राहिली आहे काय? घरोघरीं मोबाइल आहे आणि प्रत्येक मोबाइलांत कॅमेरा आहे. एका सहलींत मुलें शंभर-दोनशें चित्रें सहज काढतात. हें खरें आहे. पण वर्षभरानें त्यांतील एखादें चित्र समोर ठेवून, “हें देऊळ कोणत्या गांवचें? हा म्हातारा कोण? ही नदी कोणत्या महिन्यांतली?” असें विचारून पाहावें. बहुधा उत्तर मिळत नाहीं. अशा वेळीं चित्र असतें, पण साक्ष नसते. आणि छायाचित्राचें खरें मोल तें पुढें साक्षीला उभें राहतें यांतच आहे.

पूर्वींचे एकटे प्रवासी

छायाचित्रणाची कला इ. स. १८३९ मध्यें पॅरिस येथें जाहीर झाली. त्यानंतर सुमारे पंधरा वर्षांनीं, म्हणजे १८५४ सालीं, मुंबईंत छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली. सुप्रसिद्ध डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे तींत पुढाकार घेणाऱ्यांपैकीं होते. पुढच्याच वर्षीं मुंबई सरकारनें कॅप्टन थॉमस बिग्ज या तोफखान्यांतील अधिकाऱ्यास जुन्या इमारतींचीं छायाचित्रें घेण्याच्या कामावर नेमलें. सोलापूरच्या शेजारचें विजापूर, तसेंच बदामी आणि ऐहोळे हीं त्याच्या कामाचीं मुख्य ठिकाणें होत.

त्या काळचें छायाचित्रण म्हणजे मोठा खटाटोप होता. औषधें लावलेल्या कागदावर उलटें चित्र घ्यावयाचें, त्यावरून मग सुलटें उतरवावयाचें. कागद प्रकाशास कित्येक मिनिटें उघडा ठेवावा लागे. तेवढ्या वेळांत जें हलेल तें पुसट होई किंवा चित्रांतून नाहींसेंच होई. म्हणून त्या चित्रांत घुमट आणि कमानी स्पष्ट आहेत, पण रस्त्यावरचीं माणसें क्वचितच दिसतात. एका चित्रासाठीं इतका वेळ व इतका खर्च लागत असल्यामुळें, तें काढण्यापूर्वीं त्या मनुष्यास त्या जागेकडे पुष्कळ वेळ पाहावें लागे. आपणांस चित्र फुकट मिळूं लागलें आणि हें पाहणेंच आपल्या हातून सुटलें.

बिग्ज व त्याच्या मागून आलेल्या छायाचित्रकारांचीं विजापूरचीं चित्रें १८६६ सालीं लंडनमध्यें ग्रंथरूपानें प्रसिद्ध झालीं. त्या ग्रंथांतील मजकुराच्या लेखकांत मेडोज टेलर हा एक होता. हाच टेलर १८५३ पासून कांहीं वर्षें आपल्या नळदुर्ग भागाचा कारभार पाहत होता. आणि निवृत्तीनंतर त्यानें आयर्लंडमध्यें डब्लिनजवळ वास्तव्य केलें. नळदुर्गच्या किल्ल्यापासून आयर्लंडच्या हिरव्या टेकड्यांपर्यंतची ही वाट अशी एका मनुष्याच्या आयुष्यांतून गेली आहे. त्याच वाटेनें आपणहि क्षणभर आयर्लंडांत जाऊं. कारण आपल्या विषयाचें एक उत्तम उदाहरण तेथें आहे.

फादर फ्रान्सिस ब्राउन हे आयर्लंडमधील जेझुइट धर्मगुरु. त्यांचा जन्म १८८० सालीं कॉर्क येथें झाला. तरुणपणीं त्यांच्या बिशप काकांनीं त्यांना कॅमेरा भेट दिला, तो छंद जन्मभर टिकला. १९१२ च्या एप्रिलमध्यें काकांच्याच कृपेनें त्यांना एका नव्या आगबोटीच्या पहिल्या सफरींतील थोडासा प्रवास घडला. बोटीचें नांव टायटॅनिक. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनपासून आयर्लंडमधील क्वीन्सटाउन बंदरापर्यंत, म्हणजे अवघ्या एका रात्रीपुरते ते बोटीवर होते. बोटीवरील एका श्रीमंत अमेरिकन जोडप्यानें त्यांना न्यूयॉर्कपर्यंत नेण्याची तयारी दाखविली. परंतु वरिष्ठांची तार आली कीं, बोटीवरून उतरावें. ते आज्ञा पाळून ११ एप्रिलला उतरले. चार दिवसांनीं पहांटे ती बोट पंधराशें माणसांसह समुद्राच्या तळाशीं गेली.

ब्राउन यांनीं बोटीवर काय टिपलें होतें? मोठा प्रसंग एकहि नव्हता. डेकवर भोंवरा खेळणारा एक मुलगा, व्यायामशाळेंतील एक मनुष्य, फेऱ्या मारणारे उतारू, असे अगदीं साधे क्षण होते. पण आठवड्याभरांत त्या साध्या चित्रांना जगांत दुसरा जोड उरला नाहीं. पुढें पहिल्या महायुद्धांत सैनिकांचे धर्मगुरु म्हणून त्यांनीं सेवा केली. नंतर प्रवचनांसाठीं आयर्लंडच्या खेडोपाडीं हिंडत असतां ते दिवसा मिळेल त्या मोकळ्या वेळांत कॅमेरा घेऊन बाहेर पडत. शेतकरी, मुलें, दगडी कुसांचे रस्ते, बाजार, यंत्रशाळा असें सर्व कांहीं टिपीत. १९६० सालीं त्यांचें निधन झालें. त्यांचा सुमारे ४२,००० निगेटिव्हांचा संग्रह एका पेटींत विस्मृत पडला होता, तो १९८५ सालीं त्यांच्याच संघांतील एका धर्मगुरूच्या हातीं लागला. जुन्या फिल्मचें द्रव्य कुजूं लागलें होतें. वेळेवर प्रती काढल्या म्हणून आयर्लंडच्या ग्रामीण जीवनाचा अर्धशतकाचा साक्षीदार वांचला.

या चरित्रांतून आपण घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. चित्र काढणाऱ्यास आपल्या समोरचें कोणतें दृश्य शेवटचें आहे हें ठाऊक नसतें. म्हणून साध्या गोष्टीकडेहि तितक्याच आदरानें पाहावें लागतें.

प्रकाशाचा अभ्यास

आतां आपण आपल्या मुलखाकडे वळूं. आयर्लंड उत्तर अक्षांश ५१ ते ५५ यांच्या दरम्यान आहे. डिसेंबरच्या उत्तरार्धांत डब्लिन येथें भरदुपारींहि सूर्य क्षितिजापासून सुमारे १३ अंशच वर येतो. वर ढगांचा पडदा, पाऊस नेहमींचा. त्यामुळें तेथील प्रकाश तिरपा आणि मऊ असतो. छायाचित्रकारास दिवसभर काम करतां येतें, चिंता असते ती पावसाची. सोलापूर १८ अंशांच्याहि थोडें खालीं आहे. येथें त्याच डिसेंबरांत दुपारचा सूर्य सुमारे ४९ अंशांवर असतो, आणि मे महिन्याच्या मध्यास तर तो नेमका डोक्यावर येऊन उभ्या काठीची सांवली नाहींशी होते. अशा वेळीं देवळाच्या भिंतीवरील कोरीव काम सपाट दिसतें आणि माणसाच्या कपाळाखालीं डोळ्यांच्या जागीं दोन काळे खड्डे पडतात.

यावरून आपल्या प्रवासाचा पहिला नियम निघतो. आमच्याकडील छायाचित्रकाराचा दिवस सूर्योदयापासून दोन तास आणि सूर्यास्तापूर्वीं दोन तास एवढाच असतो. मधला काळ सांवलींत बसून माणसांशीं बोलण्याचा, वही लिहिण्याचा आणि भाकरी खाण्याचा. हिंवाळ्यांत ही मर्यादा थोडी सैल होते. म्हणून अशा भ्रमंतीस मार्गशीर्ष-पौष हे महिने उत्तम.

कुडल येथील एक सकाळ

सोलापूरपासून सुमारे ४० किलोमीटरवर, दक्षिण सोलापूर तालुक्यांत, हत्तरसंग कुडल हें ठिकाण आहे. येथें सीना नदी भीमेस मिळते. ‘कूडल’ या कानडी शब्दाचा अर्थच संगम असा आहे. म्हणजे या सीमेवरच्या गांवानें आपला भूगोल आपल्या नांवांतच लिहून ठेविला आहे. नदीकांठीं संगमेश्वर आणि हरिहरेश्वर हीं दोन प्राचीन मंदिरें आहेत. हरिहरेश्वराच्या परिसरांतील ढिगारे उपसले गेले तेव्हां साडेतीनशेंहून अधिक मुखें कोरलेलें एक विलक्षण शिवलिंग उजेडांत आलें.

परंतु सर्वांत मोलाची वस्तु डोळ्यांत भरणारी नाहीं. संगमेश्वर मंदिराच्या एका दगडी तुळईवर थोडीशी अक्षरें आहेत. हा शिलालेख शके ९४०, म्हणजे इ. स. १०१८ मधील असून मराठी भाषेच्या आद्य लेखांत त्याची गणना होते. लेखाच्या शेवटीं, जो हें वाचील तो विजयी होवो, अशा अर्थाचा आशीर्वाद आहे. हजार वर्षांपूर्वीं कोणी एका लेखकानें, आपण ज्यास कधीं पाहणार नाहीं अशा वाचकासाठीं तो कोरविला. सोलापूरचे शिलालेखांचे अभ्यासक आनंद कुंभार यांनीं गांवोगांव हिंडून, दगडावर कागद चिकटवून लेखांचे ठसे घेतले व त्यांचें वाचन केलें. कुडलच्या लेखाचें महत्त्व लोकांपुढें आलें तें त्यांच्या परिश्रमांमुळें. एकट्या मनुष्याच्या पायपिटीनें केवढें काम होतें याचा हा घरचा दाखला आहे.

अशा लेखाचें छायाचित्र समोरून प्रकाश पाडून घेतलें तर अक्षरें दिसत नाहींत. अक्षराची खोली फार थोडी असते. समोरचा प्रकाश ती खांच तळापर्यंत उजळून टाकतो आणि खांच व भोंवतालचा दगड एकसारखे दिसूं लागतात. तोच प्रकाश बाजूनें, दगडाच्या पृष्ठभागास जवळजवळ घांसून सोडावा. साधी विजेरी बाजूला धरून हें साधतें. मग खांचेची एक कड उजळते, दुसरी अंधारांत जाते आणि पुसट झालेलें अक्षरहि डोकें वर काढतें. चित्र घेतांना दगडाजवळ मोजपट्टी धरावी, म्हणजे अक्षरांचा आकार कळतो. मात्र अक्षरें उठून दिसावींत म्हणून त्यांवर खडू, तेल, हळद किंवा रंग कदापि लावूं नये. जो लेख हजार वर्षें ऊन-पाऊस सोसून राहिला, त्याची आपल्या एका चित्रासाठीं झीज व्हावी हें योग्य नव्हे.

एका सकाळीं एवढें एकच ठिकाण पुरे. प्रथम दूरवरून संगम, मग मंदिर व त्याचा परिसर, मग मंडप, मग तुळई, मग अक्षरें, असें क्रमानें जवळ जावें. जो याच दिवसांत कुडल, विजापूर आणि नळदुर्ग तिन्ही उरकूं पाहील, त्याच्याजवळ चित्रें पुष्कळ होतील आणि सांगण्यासारखें कांहीं राहणार नाहीं.

माणसांचें चित्र

एकट्यानें जाण्याचा मोठा लाभ हा कीं, एकट्या मनुष्याशीं लोक बोलतात. दहा जणांचा घोळका गांवांत शिरला कीं गांवकरी बाजूस होतात, एकटा मनुष्य पारावर टेकला कीं कोणीतरी पाणी आणून देतें व “कुठलं गाव, पाव्हणं?” अशी विचारपूस सुरू होते. या ओळखीपूर्वीं कॅमेरा बाहेर काढूं नये. “आजोबा, आपलें एक चित्र घेऊं काय?” असें विचारावें आणि नकार आला तर रामराम करून पुढें जावें. घाटावर स्नान करणारीं, शोकांत असलेलीं, किंवा दारिद्र्यामुळें संकोचलेलीं माणसें हीं प्रदर्शनाची वस्तु नव्हेत. ज्याचें चित्र घेतलें त्याचें नांव विचारून, त्याची संमति असल्यास लिहून घ्यावें. आणि पुन्हां त्या वाटेनें जाणें झाल्यास चित्राची एक प्रत त्यास नेऊन द्यावी. घेतलेलें परत देण्याची ही रीत पाळली, कीं पुढच्या प्रवाशासहि त्या गांवांत आदर मिळतो.

माळरानाचा धडा

माणसांच्या बाबतींत जी सभ्यता, तीच पशुपक्ष्यांच्या बाबतींतहि. सोलापूरपासून बार्शीच्या वाटेवर नान्नज येथें माळढोक पक्ष्याचें अभयारण्य आहे. तें १९७९ सालीं घोषित झालें. माळढोक हा उंच, वजनदार, माळावर पायीं फिरणारा पक्षी. त्याची मादी बहुधा एकच अंडें घालते आणि तेंहि उघड्या जमिनीवर. अशा वेळीं कोणी चित्राच्या मोहानें जवळ गेला आणि मादी उठून गेली, तर त्या एका चित्राची किंमत एक पिढी होऊं शकते. पूर्वीं नान्नजच्या माळावर हे पक्षी सहज दिसत. गवताळ माळ नांगराखालीं गेले, उडत्या पक्ष्यांच्या वाटेंत विजेच्या तारा आल्या, आणि २०११ सालीं जगांतील अतिसंकटग्रस्त पक्ष्यांत त्याची नोंद झाली. आतां साऱ्या जगांत मिळून त्यांची संख्या दीडशेंच्या आसपास मानली जाते आणि ते मुख्यतः राजस्थानांत आहेत. नान्नजला दर्शन झालें तर तें भाग्यच. म्हणून येथें नियम एकच: दूर बसावें, स्थिर बसावें, वाट पाहावी, आणि पक्षी न दिसल्यास गवताचें, काळविटांचें व त्या मोकळ्या आकाशाचें चित्र घेऊन यावें. रिकाम्या माळाचें चित्रहि साक्षच असतें.

जें नाहींसें होतें

आपल्या जिल्ह्यांत नाहींसें झालेल्या गोष्टींची यादी लांब आहे. भीमेवर उजनीचें धरण झालें तेव्हां कित्येक गांवें जलाशयाखालीं गेलीं. त्या जलाशयाच्या इंदापूरकडील भागांत पळसदेवचें जुनें देऊळ पाणी ओसरलें कीं उन्हाळ्यांत पुन्हां वर येतें आणि लोक तें पाहावयास गर्दी करतात. पण देवळाभोंवतालचीं घरें, चावडी, विहिरीवरची मोट आणि बाजाराचा दिवस वर येत नाहीं. सोलापुरांतील जुन्या गिरणीची स्थापना १८७७ सालची. तिच्या भोंग्यावर शहराचें घड्याळ चालत असे. भोंगा थांबला, गिरणी गेली. पाळीवरून डबा हातांत घेऊन घरीं परतणाऱ्या कामगाराचें चित्र कोणी काढून ठेविलें असेल, तर आज त्यास केवढें मोल आहे! त्या दिवशीं मात्र तें चित्र काढण्याजोगें कोणास वाटलें नसेल, कारण तो मनुष्य रोजच तेथून जात होता.

वहींतील पांच कलमें

म्हणून प्रत्येक छायाचित्रकारानें कॅमेऱ्याबरोबर एक लहान वही ठेवावी आणि प्रत्येक महत्त्वाच्या चित्रासाठीं पांच गोष्टी लिहाव्या. पहिली, ठिकाण: गांव, तालुका आणि नेमकी जागा. दुसरी, तारीख व वेळ. तिसरी, आपण कोणत्या दिशेस तोंड करून उभे होतों. चौथी, चित्रांत काय किंवा कोण आहे. पांचवी, ही माहिती आपणांस कोणी सांगितली. कारण ऐकीव गोष्ट ऐकीव म्हणूनच नोंदविली पाहिजे. घरीं आल्यावर निवडक चित्रांच्या प्रती दोन निराळ्या ठिकाणीं ठेवाव्या. ब्राउन यांच्या पेटीप्रमाणें प्रत्येकाचा संग्रह कोणाच्या हातीं लागेलच असें नाहीं.

पालकांनीं अशा प्रवासाचें भय बाळगूं नये, पण काळजी अवश्य घ्यावी. लहान विद्यार्थ्यानें वडील माणसासच बरोबर न्यावें. त्या वडिलांनीं थोडें दूर बसून मुलास आपल्या डोळ्यांनीं पाहूं द्यावें, एवढें एकटेपण त्यास पुरें आहे. मोठ्या विद्यार्थ्यानेंहि कोठें जातों व केव्हां परततों हें घरीं सांगून जावें. भरपूर पाणी, टोपी आणि बंद जोडे असावे. नदीकांठच्या निसरड्या दगडावर उभें राहून, डोळा कॅमेऱ्यास लावून, एक पाऊलहि मागें टाकूं नये.

आणि ज्यांस या सुटींत कुडलपर्यंत जाणें शक्य नाहीं, त्यांनीं घरांतूनच आरंभ करावा. प्रत्येक घरीं एखादी जुनी पेटी असते आणि तींत लग्नाचीं, मुंजीचीं, गिरणीच्या दारावरचीं, शाळेच्या ओट्यावरचीं पिवळीं पडलेलीं छायाचित्रें असतात. मुलांनीं तीं आजी-आजोबांसमोर मांडावीं आणि एकेका चेहऱ्याचें नांव विचारून, मऊ पेन्सिलीनें पाठीमागें हलकेंच लिहून ठेवावें. हें काम फार दिवस टाकण्याजोगें नाहीं. चित्र पेटींत आणखी पन्नास वर्षें टिकेल. परंतु तें पाहून “ही माझी आत्या” असें सांगणारा आवाज तितके दिवस आपल्या घरांत राहत नाहीं.